‘अवैध नोंद’ हा निकाल कुणाचा?



आजवर आपला अर्ज फेटाळायचा तर कुणाला तरी तोंड दाखवावे लागत असे. तलाठी असो, सोसायटीचा गटसचिव असो, बँकेचा साहेब असो, ‘नाही’ म्हणणाऱ्याला नाव होते, टेबल होते. त्याच्याशी भांडता येत होते, त्याच्या वरच्याकडे जाता येत होते, फारच झाले तर दारात ठाण मांडता येत होते. आता ‘नाही’ म्हणण्याचे काम एका तांबड्या ओळीकडे गेले आहे. मोबाइलवर किंवा सेवा केंद्रातल्या काँप्युटरवर रकाना भरला की खाली ओळ उमटते : ‘अवैध नोंद’. सही नाही, शिक्का नाही, कारण नाही. पोराने पुन्हा टाइप केले की पुन्हा तीच ओळ. मागे रांग उभी असते. शेवटी केंद्रचालक म्हणतो, ‘काका, घेत नाही. उद्या या.’ आणि उद्या मुदत संपलेली असते.

ही गोष्ट एखाद्या अर्जाची नाही. २०१७च्या कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज भरावे लागले. २०१९पासून पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार आधार आणि बँक खात्याच्या नोंदीवर चालू झाले. १५ ऑगस्ट २०२१पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करायची, अशी ई-पीक पाहणी राज्यभर आली. २०२५-२६च्या हंगामात कापूस हमीभावाने विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करा, असे सांगण्यात आले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. नोंद अडली की गाडी केंद्रावर जात नाही, कापूस खेड्यात येईल त्या भावाला जातो. समजा खेड्यात क्विंटलमागे पाचशे रुपये कमी मिळाले आणि घरात वीस क्विंटल कापूस आहे. दहा हजार रुपये गेले. एका रकान्यापायी.

म्हणून हा रकाना आतून कसा चालतो, हे आपण समजून घेतलेच पाहिजे. काट्याचा पासंग ज्याला कळत नाही, त्याने काट्यावर माल टाकू नये.

काँप्युटरला काय दिसते?

आपण रकान्यात ‘५’ टाइप केले म्हणजे काँप्युटरला पाच कळले, असे आपल्याला वाटते. तसे नसते. रकान्यात जे काही टाकाल ते काँप्युटरकडे आधी नुसती अक्षरांची माळ म्हणून जाते. ‘पाच’, ‘५’, इंग्रजी आकड्यातला पाच, पुढे चुकून जागा सुटलेला पाच, हे सगळे त्याला वेगवेगळे मजकूर. मजकुराची बेरीज होत नाही, वजाबाकी होत नाही. हिशेब करायचा तर मजकुराचा आधी आकडा करावा लागतो, तारीख हवी असेल तर तारीख करावी लागते. कपाशीची जशी जात असते, तशी काँप्युटरमधल्या माहितीचीही जात असते : ही आकड्याची, ही तारखेची, ही नुसत्या अक्षरांची.

एका जातीतून दुसरीत नेण्याआधी प्रोग्रामने विचारले पाहिजे : हा मजकूर आकड्यात बदलता येईल काय? येत असेल तर बदल, नसेल तर थांब आणि माणसाला सांग. सगळी गोम या एका प्रश्नात आहे. हा प्रश्न विचारायची सोय प्रोग्रामच्या भाषांत बऱ्याच वर्षांपासून आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ‘प्रयत्न करून बघ आणि जमले की नाही ते सांग’ अशी पूर्ण आकड्यांसाठीची आज्ञा २००५ साली आली. त्यांच्याच माहितीसाठ्याच्या प्रोग्राममध्ये तशी आज्ञा २०१२ साली आली. म्हणजे साधन नाही, असे कुणी सांगू नये. साधन आहे. ते वापरताना शेतकऱ्याची नोंद कशी असते, हे बघायला कुणी बांधावर आले नाही, एवढेच.

साधा दाखला घ्या. आपला देवनागरी ‘५’. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची यादी १९९१ साली छापली गेली, तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आकडे तिच्यात आहेत. या चिन्हाची किंमत पाच, अशी नोंद त्या यादीतच आहे. पायथन नावाच्या भाषेला देवनागरी ‘५’ दिला तर ती बिनतक्रार पाच समजते. मोबाइलवरचे फॉर्म ज्या जावास्क्रिप्ट भाषेत बहुधा तपासले जातात, तिला तोच ‘५’ दिला तर ती म्हणते, हा आकडाच नव्हे. तोच पाच, एका दारात पाहुणा आणि दुसऱ्या दारात चोर! मग चूक पाचाची, की दाराची? महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४चा आहे. सरकारची भाषा मराठी, लिपी देवनागरी, आणि सरकारचा फॉर्म देवनागरी आकड्याला ओळख दाखवत नाही. ज्याने तो फॉर्म लिहिला त्याला दोन ओळी जास्त लिहायचा कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याचे नाव पडले ‘शेतकऱ्याची अवैध नोंद’.

शून्याचा घात

‘नाही’ म्हणणारा रकाना त्रास देतो, पण निदान तोंडावर सांगतो. त्याहून घातक तो रकाना, जो ‘हो’ म्हणतो आणि आत भलतेच लिहितो.

सी नावाची जुनी भाषा आहे. तिच्यात मजकुराचा आकडा करायची एक आज्ञा अशी आहे की, बदल जमला नाही तर ती गुपचूप शून्य देते. तुम्ही खरोखर शून्य लिहिले होते की ‘पाच’ असे अक्षरांत लिहिले होते, हे मागून कुणालाच कळत नाही. मायएसक्यूएल नावाच्या माहितीसाठ्यातही आकड्याच्या जागी अक्षरे गेली तर शून्य नोंदवून पुढे जायची रीत होती. २०१५च्या आवृत्तीपासून ही सैल रीत आपोआप चालू राहणे बंद झाले, पण सोयीसाठी पुन्हा सैल करून ठेवणारे आहेतच. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या रकान्याचा आकडा करायला सांगितला तर एक आज्ञा सरळ शून्य देते.

रिकामे आणि शून्य यातला फरक शेतकऱ्याला शिकवायला नको. ‘माहिती भरली नाही’ ही एक गोष्ट आणि ‘पीक झाले नाही’ ही दुसरी. ‘थकबाकी किती ते ठाऊक नाही’ आणि ‘थकबाकी शून्य’ यांत तर यादीत नाव असण्या-नसण्याचे अंतर. प्रोग्रामने या दोन्हींचे शून्य केले की शेतकरी यादीतून गळतो, आणि गळाल्याची खूण राहत नाही.

आता रुपयांचे बघा. आपण सव्वा लाख कसे लिहितो? एक, स्वल्पविराम, पंचवीस, स्वल्पविराम, तीन शून्ये : १,२५,०००. इंग्रजी आकड्यांत हेच लिहून जावास्क्रिप्टच्या एका नेहमीच्या आज्ञेला दिले तर ती पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि सांगते : एक. सव्वा लाखाचा एक रुपया! कुठे तांबडी ओळ नाही, कुठे तक्रार नाही. तिच्याच शेजारची दुसरी आज्ञा तोच मजकूर सपशेल नाकारते. एका भाषेत, एका मजकुराचे दोन निकाल. कोणती आज्ञा वापरायची ते कार्यालयात बसलेल्या एका पोराने ठरवले, आणि ते बरोबर ठरवले की नाही हे कुणी तपासले नाही.

एक पॉइंट पाच

आता जमिनीकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५.००. यात टिंबे दोन आहेत. दोन टिंबांचा दशांश आकडा गणितात नसतो. म्हणजे सातबाऱ्यावर जसे आहे तसे प्रामाणिकपणे उतरवले तर रकाना एकतर नाकारतो, नाहीतर मनाला येईल ते करतो. जावास्क्रिप्टच्या तीन आज्ञांना हा एकच मजकूर इंग्रजी आकड्यांत द्या. पहिली म्हणते १.०५. दुसरी म्हणते १, म्हणजे पाच आर गडप. तिसरी म्हणते, हा आकडा नाही. सरकारने स्वतः छापून दिलेला आकडा सरकारच्याच रकान्यात मावत नाही!

बरे, केंद्रचालकाने एकच टिंब ठेवले. पण ‘एक हेक्टर पाच आर’ ऐकून त्याने एक पॉइंट पाच टाइप केले, तर रकाना आनंदाने स्वीकारतो. आकडा शुद्ध आहे, बदल झाला, तपासणी पास. पण काँप्युटरला एक पॉइंट पाच म्हणजे दीड हेक्टर, एक हेक्टर पन्नास आर. पंचेचाळीस आर, म्हणजे एकराहून जास्त जमीन, टिंबापुढचे एक शून्य राहिल्याने तयार झाली. दोन महिन्यांनी पडताळणीत सातबाऱ्याशी मेळ बसत नाही, आणि शेरा पडतो : ‘शेतकऱ्याने जादा क्षेत्र दाखवले.’ शून्य राहिले रकान्यात, आणि लबाड ठरला कुणबी.

एकर-गुंठ्यांचे तर विचारूच नका. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण तीन एकर वीस गुंठे हे ३.२० असे लिहितो, म्हणजे साडेतीन एकर. काँप्युटरला ३.२० म्हणजे तीन एकर आणि एकराचे दोन दशांश, म्हणजे आठ गुंठे. बारा गुंठे गेले. दोन भावांचे एक एकर तीस गुंठे, एक एकर तीस गुंठे एकत्र करा. आपला हिशेब तीन एकर वीस गुंठे. काँप्युटरचा हिशेब २.६०, म्हणजे दोन एकर चोवीस गुंठे. छत्तीस गुंठ्यांचा खड्डा! आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी पास, कारण तपासणीने एवढेच विचारले होते : मजकूर आकड्यात बदलतो काय? बदलतो. हा आकडा आमच्या मापाचा आहे काय, हे तिने विचारलेच नाही.

म्हणून आमचे म्हणणे नीट लक्षात घ्या. आकड्यात बदलणे ही एक गोष्ट आणि खरे असणे ही दुसरी. पहिल्या परीक्षेत पास झालेल्याला दुसरीचे प्रमाणपत्र देणारे आणि पहिल्या परीक्षेत अडखळलेल्याला लबाड म्हणणारे, दोघेही सारखेच अडाणी.

आठ सहा

तारखेचीही तीच तऱ्हा. मृगाच्या पावसावर आठ जूनला पेरले, आपण ०८/०६ लिहिले. अमेरिकेच्या रिवाजात महिना आधी. प्रोग्राम तिकडच्या रिवाजाचा राहिला तर आठ जूनची पेरणी झाली सहा ऑगस्ट. सहा ऑगस्टला कपाशी पेरणारा शेतकरी कुणी पाहिला आहे काय? प्रोग्रामला ते कळत नाही. तारीख आहे ना, मग पास. शेजाऱ्याने पंधरा जूनला पेरले, १५/०६ लिहिले, तर पंधरावा महिना नसल्याने त्याची नोंद ‘अवैध’. म्हणजे महिन्याच्या बाराव्या तारखेपर्यंत पेरणाऱ्याची तारीख गुपचूप फिरते आणि तेराव्यापासून पेरणाऱ्याला हाकलले जाते. ज्याला हाकलले त्याचे नशीब बरे. त्याला निदान कळले तरी!

ज्याची बेरीज होत नाही, तो आकडा नव्हे

सगळे आकड्यांसारखे दिसते म्हणून आकडाच असते, असे नाही. कसोटी सोपी आहे. दोन क्विंटल आणि तीन क्विंटल मिळून पाच क्विंटल होतात. दोन आधार क्रमांकांची बेरीज कुणी करतो काय? दोन खाते क्रमांकांची? गट नंबराची? नाही. मग ते आकडे नव्हेत, ती नावे आहेत, आकड्यांत लिहिलेली. त्यांचा आकडा करायला जाल तर घात होतो.

खाते क्रमांकाच्या पुढचे शून्य घ्या. आकडा केला की पुढची शून्ये गळतात, कारण आकड्याला पुढच्या शून्यांची किंमत नाही. बँकेला मात्र आहे. एक्सेल नावाच्या तक्त्यात पंधरापेक्षा जास्त अंकांचा क्रमांक आकडा म्हणून टाकला तर पंधराव्यानंतरच्या अंकांची शून्ये होतात. सोळा अंकी खाते असेल तर शेवटचा अंक मेला. आणि गट नंबर बारा, हिस्सा तीन, असे १२/३ लिहिले तर तोच तक्ता त्याची तारीख करून टाकतो. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही, जमिनीच्या तुकड्याची तारीख झाली!

हे आपल्यासारख्या अडाण्यांचेच होते असे समजू नका. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे झाले. माणसाच्या शरीरातल्या काही जनुकांची लघुनावे ‘सेप्ट-एक’, ‘मार्च-एक’ अशी होती. एक्सेलने त्यांच्या सप्टेंबर-मार्चच्या तारखा केल्या. २०१६ साली तपासले तेव्हा जनुकांच्या अशा याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात हा घोळ सापडला. अखेर २०२० साली जनुकांची नावेच बदलली. आपोआप बदल बंद करायची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. बघा गंमत! शास्त्रज्ञांचा माल बिघडला तेव्हा कुणी म्हटले नाही की शास्त्रज्ञांना लिहिता येत नाही. यंत्राचा दोष यंत्राच्या पदरात घातला. आपला माल बिघडला की मात्र म्हणतात, ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही.’

चाळणी हवीच

इथे आम्हाला दोन बाजूंच्या लोकांशी बोलायचे आहे.

आपल्यातलेच काही म्हणतात, काँप्युटर नकोच, जुना कागदच बरा. आम्हाला हे मान्य नाही. कागदाच्या राज्यात फेरफाराला किती हेलपाटे पडत आणि किती चहापाणी लागे, हे विसरलो काय? नवे तंत्र शेतकऱ्याने नाकारायचे नसते, ते आपल्या बाजूने वळवायचे असते.

दुसरे म्हणतात, मग तपासणीच नको, जे लिहिले ते घ्या. हेही नको. बियाणे पेरण्याआधी आपण निवडतोच. चाळणी नसेल तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील, आणि बुडणारा आपल्यातलाच असेल. उलट चांगली चाळणी शेतकऱ्याची मित्र आहे. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक उगीच नसतो. आधीच्या अकरा अंकांवरून एका हिशेबाने तो काढलेला असतो. १९६९ साली व्हरहूफ या डच गणित्याने तो हिशेब मांडला. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हा हिशेब लगेच सांगतो की चूक आहे. त्याला नेट लागत नाही, दिल्ली लागत नाही. बँकेच्या शाखेच्या आयएफएससी क्रमांकात अकरा जागा असतात, पहिली चार अक्षरे आणि पाचवे नेहमी शून्य. तिथे शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ अक्षर टाइप झाले, तर रकान्याने तिथल्या तिथे सांगावे : पाचव्या जागी शून्य हवे.

हे रकान्यापाशी, त्या क्षणी, शेतकरी समोर बसलेला असताना सांगितले तर अर्ध्या मिनिटाचे काम. तीन महिन्यांनी यादी लागल्यावर सांगितले तर हंगाम गेला. आमचा राग चाळणीवर नाही. दाणा आणि खडा यांतला फरक न कळणाऱ्या चाळणीवर आहे.

‘नाही’ म्हटल्याचा कागद

आणि आता सगळ्यात मुद्द्याची गोष्ट.

महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५चा आहे. ज्या सेवा त्याखाली अधिसूचित आहेत त्यांच्यासाठी अर्जाची पोच मिळाली पाहिजे, अर्ज नाकारला तर लेखी कारण दिले पाहिजे, आणि त्यावर अपील करता आले पाहिजे. कायदा चांगला आहे. पण तो सुरू कुठून होतो? अर्जापासून. अर्ज दाखल झाला तर पोच. पोच असेल तर मुदत. मुदत असेल तर कारण. कारण असेल तर अपील.

तांबडी ओळ या साखळीच्या आधी उभी आहे. रकान्याने नोंद घेतली नाही म्हणजे अर्जच झाला नाही. अर्ज नाही तर पोच नाही. पोच नाही तर नकार नाही. नकारच नाही तर अपील कशावर करणार? तुम्ही चार दिवस केंद्रावर बसला होता, याचा सरकारदरबारी कणभर पुरावा नाही. सरकारच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत! आणि मग मंत्री सभागृहात सांगू शकतात, ‘एवढ्या शेतकऱ्यांनी अर्जच केले नाहीत, म्हणजे त्यांना गरज नव्हती.’

रकान्याने ‘अवैध’ म्हणणे हा निर्णय आहे. तो यंत्राने दिला असेल, पण यंत्राला तो नियम एका माणसाने लिहून दिला आणि दुसऱ्या माणसाने तो मंजूर केला. या राज्यात शिपायाच्या नेमणुकीलाही आदेश निघतो. लाखो शेतकऱ्यांच्या नोंदी नाकारणाऱ्या नियमावर मात्र कुणाची सही नाही. आम्ही विचारतो, ‘अवैध नोंद’ हा निकाल कुणाचा? ज्याचा असेल त्याने तो सहीनिशी द्यावा.

काट्यावर शिक्का, तसा रकान्यावर

बाजारात काटा लावायचा तर वजनमापे खात्याकडून तो पडताळून शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि ठरावीक मुदतीने पुन्हा पडताळावा लागतो. खरी वजने पारड्यात टाकून बघतात, मगच शिक्का. रकाना हाही काटाच आहे. त्यावर आपली जमीन, आपला कापूस, आपली पेरणी तोलली जाते. मग त्याची पडताळणी का नको?

पडताळणीची वजने आम्ही देतो. कुठलाही फॉर्म शेतकऱ्यांसाठी उघडण्याआधी तालुक्याच्या गावी, दहा शेतकरी समोर बसवून, या नोंदी टाकून दाखवा :

१. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच. दोन्ही पाच झाले पाहिजेत.
२. पुढे-मागे जागा सुटलेला पाच. जागा काढून पाच घेतला पाहिजे.
३. अक्षरांत लिहिलेला ‘पाच’. शून्य करायचे नाही, ‘आकड्यात लिहा’ असे मराठीत सांगायचे.
४. रिकामा रकाना. शून्य नव्हे, ‘माहिती नाही’ अशी वेगळी नोंद.
५. स्वल्पविराम घातलेले सव्वा लाख. सव्वा लाखच राहिले पाहिजेत.
६. सातबाऱ्यावरचे १.०५.००. एक हेक्टर पाच आर म्हणून वाचले पाहिजे.
७. एक पॉइंट पाच. घेण्याआधी विचारले पाहिजे : ‘पाच आर की पन्नास आर?’
८. ०८/०६. ‘८ जून’ असे अक्षरांत दाखवून होकार घेतला पाहिजे.
९. गट १२/३ आणि पुढे शून्य असलेला खाते क्रमांक. जसे लिहिले तसेच, अक्षरभर न बदलता.
१०. एक अंक चुकवलेला आधार क्रमांक. तिथल्या तिथे पकडला पाहिजे.

दहाच्या दहा बरोबर आले तर फॉर्म उघडा. एक जरी चुकले तर आधी दुरुस्त करा, मग शेतकऱ्याला बोलवा.

आमच्या मागण्या

पहिली : नोंद घेतली नाही तरी प्रत्येक प्रयत्नाला क्रमांक आणि वेळ मिळावी, आणि शेतकऱ्याने जे टाइप केले ते जसेच्या तसे जपून ठेवावे. यंत्राने काय समजले ते शेजारी लिहावे. दोन्ही असतील तरच भांडण सुटते.

दुसरी : मुदतीत प्रयत्न केल्याची नोंद असेल तर तो अर्ज मुदतीतला धरावा. रकाना त्यांचा बिघडला, तर हंगाम आमचा बुडू नये.

तिसरी : नकाराचे कारण मराठीत, कोणत्या रकान्यात काय खटकले आणि कसे लिहायचे याच्या नमुन्यासह द्यावे. एक रकाना चुकला म्हणून भरलेला सगळा फॉर्म पुसू नये.

चौथी : क्षेत्रासाठी हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन वेगळे रकाने ठेवावेत. तारखेचा महिना अक्षरांत असावा.

पाचवी : क्षेत्राचा मेळ बसला नाही तर ‘जादा क्षेत्र दाखवले’ असा शेरा मारण्याआधी शेतकऱ्याला मूळ नोंद दाखवून विचारावे.

यात अनुदान नाही, सूट नाही, कुणाची मेहेरबानी नाही. फॉर्म लिहिणाऱ्याने आठ दिवस जास्त काम करावे, एवढेच मागणे आहे.

तोवर आपणही सावध राहू. आर दोन अंकी सांगा, ‘शून्य पाच’ असे म्हणा. तारीख सांगताना महिन्याचे नाव घ्या. पैशाच्या रकान्यात स्वल्पविराम घालू देऊ नका. केंद्रचालकाने ‘पाठवा’ दाबण्याआधी पडद्यावरचे क्षेत्र आणि खाते क्रमांक मोठ्याने वाचून घ्या, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. ‘अवैध नोंद’ आली तर त्या पडद्याचा फोटो काढा. तारीख, वेळ, रकाना आणि आपण काय टाइप केले ते वहीत लिहा.

हे फोटो आणि या वह्या जिल्हा बैठकीला घेऊन या. आधार आणि खाते क्रमांक मात्र झाकून आणा. गावोगावच्या ‘अवैध’ नोंदी एका जागी मांडल्या की कोणता रकाना कुणाला अडवतो ते उघड्यावर येईल. मग निवेदन घेऊन जाऊ, आणि साहेबांना सांगू : हा आमचा सातबारा, हा तुमचा रकाना. आमच्यासमोर भरून दाखवा.